अरेबिडॉप्सिस हाताशी असताना उत्क्रांतीच्या संशोधनाला रानफुले का लागतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अरेबिडॉप्सिससारखी अंगोपांगी अभ्यासलेली वनस्पती प्रयोगशाळेत असताना संशोधक डोंगरदऱ्यांत जाऊन रानफुले का शोधतात, ही एक; आणि असे काम कासच्या पठारावरील फुलांवर होऊ शकेल का, ही दुसरी. मी वनस्पतींच्या जनुकशास्त्रात काम करतो आणि आमच्या हरितगृहात मंकीफ्लॉवर, म्हणजे मिम्युलस, वाढवले जाते. म्हणून उदाहरण त्याचेच घेतो.

अरेबिडॉप्सिसची उपयुक्तता वादातीत आहे. मोहरीच्या कुळातील हे छोटे तण काही आठवड्यांत बी धरते, त्याचा जीनोम, म्हणजे जनुकीय माहितीचा संपूर्ण संच, लहान आहे आणि २००० साली ज्या वनस्पतीचा जीनोम सर्वप्रथम वाचला गेला ती हीच. एखादे जनुक पेशीमध्ये नेमके काय करते हे शोधायचे असेल, तर आजही बहुतेक जण आधी तिच्याकडेच वळतात. उत्क्रांतीचा प्रश्न मात्र निराळा असतो. जनुकात बदल झाल्यावर ते झाड जिथे मुळात वाढते तिथे त्याची संतती वाढते की घटते, हे तिथे विचारायचे असते. अरेबिडॉप्सिसचे फूल तीन-चार मिलिमीटरचे, पांढरे आणि बहुतांशी स्वतःच्याच परागांनी फळ धरणारे आहे. त्याला कोणा कीटकाची मनधरणी करावी लागत नाही. त्यामुळे फुलांचे रंग, मकरंद आणि आकार कशामुळे घडले, हे त्याला विचारून फारसे काही हाती लागत नाही.

मिम्युलसच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात आढळतात. (२०१२ नंतर वर्गीकरणकारांनी त्यांतील बऱ्याच जाती एरिथ्रँथे या नावाखाली हलवल्या, जनुकशास्त्रज्ञ बहुधा जुनेच नाव वापरतात, त्यामुळे शोध घेताना दोन्ही नावे द्यावीत.) कोणी ओढ्याकाठी वाढते, कोणी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, कोणी खाणींच्या मातीत, आणि दिसायला इतक्या वेगळ्या असलेल्या यांतील अनेक जातींचा हाताने संकर केला तर सुपीक संतती मिळते. माझ्या मते मिम्युलसची खरी ताकद इथे आहे, कारण दोन जातींमधील फरक कोणत्या जनुकांमुळे पडला हे शोधायचे तर त्या जातींचा संकर व्हावाच लागतो.

हे काम हाताने कसे होते तेही सांगतो. फूल पूर्ण उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे आणि नंतर दुसऱ्या फुलाचे पराग कुक्षीवर टेकवायचे. मिम्युलसची कुक्षी दोन पाळ्यांची असते आणि स्पर्श होताच ती डोळ्यांदेखत, काही सेकंदांत मिटते. धक्का लागून ती पराग पडण्याआधीच मिटली, तर पुन्हा उघडेपर्यंत थांबणे एवढेच हाती राहते. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले काही दिवस या थांबण्यातच जातात. संकर साधला की एकेका बोंडातून धुळीसारखे बारीक असे शेकडो बी मिळते.

आता ज्या प्रयोगामुळे ही वनस्पती पाठ्यपुस्तकांत पोहोचली त्याकडे येतो. मिम्युलस लेविसी ही उंचावरील जाती: फूल फिकट गुलाबी, पाकळ्या पसरट, मकरंद थोडा आणि परागण भुंग्यांकडून. मिम्युलस कार्डिनॅलिस ही तुलनेने सखल भागातील जाती: फूल लाल, पाकळ्या मागे वळलेल्या, मकरंद भरपूर आणि परागण हमिंगबर्ड या इवल्या पक्ष्याकडून. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात मधल्या उंचीवर त्या एकमेकींच्या शेजारी फुलतात, तरी तिथे संकर जवळजवळ आढळत नाहीत. डग्लस शेम्स्के आणि टोबी ब्रॅडशॉ या संशोधकांनी या दोघींचे संकर, त्या संकरांची पुढची पिढी आणि त्या पिढीतील विस्कळीत झालेले गुण यांचा माग काढला. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले की पाकळीतील कॅरोटिनॉइड हे पिवळसर रंगद्रव्य वाढवणाऱ्या एका जनुकरूपामुळे (म्हणजे एखाद्या जनुकाच्या एका प्रकारामुळे) भुंग्यांच्या भेटी ८० टक्क्यांनी घटतात, तर मकरंद वाढवणाऱ्या दुसऱ्या एका जनुकरूपामुळे हमिंगबर्डच्या भेटी दुप्पट होतात.

पुढची पायरी अधिक काटेकोर होती. संकराचा पुन्हा पुन्हा मूळ जातीशीच संकर करत त्यांनी अशी झाडे तयार केली की बाकी सर्व जनुके जवळपास एका जातीची आणि रंग ठरवणारी ‘यूप’ नावाची गुणसूत्रावरील एकच जागा दुसऱ्या जातीची. लेविसीचे फूल त्यामुळे पिवळसर नारिंगी झाले, कार्डिनॅलिसचे गडद गुलाबी. ही झाडे मोकळ्या रानात ठेवून कोण येते हे मोजले, तेव्हा नारिंगी लेविसीला हमिंगबर्डच्या भेटी ६८ पटींनी अधिक मिळाल्या आणि गुलाबी कार्डिनॅलिसला भुंग्यांच्या ७४ पटींनी अधिक. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. फुलाचा आकार, मकरंद, पुंकेसरांची जागा हे सारे जुनेच ठेवून केवळ रंग बदलल्याने पाहुणेच बदलले, म्हणजे जाती वेगळ्या होण्याच्या वाटेवर एखादे मोठे पाऊल एकाच जागेवरील बदलाने पडू शकते. उत्क्रांती नेहमी अगणित बारीक बदलांनीच होते असे मानणाऱ्यांना हे सहज पचणारे नव्हते. या जागेवर प्रत्यक्ष काय आहे हे कळायला मात्र आणखी वीस वर्षे लागली. २०२३ मध्ये असे दिसून आले की तिथले जनुक प्रथिन बनवतच नाही; ते लहान आरएनए, म्हणजे इतर जनुकांना रोखू शकणारे छोटे रेणू, तयार करते, आणि त्यांच्यामुळे पाकळीतील कॅरोटिनॉइड दबले जाते. शिवाय हे जनुक उत्क्रांतीच्या हिशेबाने अगदी अलीकडचे असून मंकीफ्लॉवरच्या काही जातींखेरीज इतरांमध्ये ते नाहीच. जे जनुक अरेबिडॉप्सिसमध्ये अस्तित्वातच नाही, ते तिथे शोधून सापडणार कसे?

रंगापलीकडचे उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातीलच कॉपरोपोलिसचे. तिथे एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या खाणी सुरू झाल्या आणि त्यांच्या टाकाऊ मातीत मिम्युलस गुट्टाटस या पिवळ्या मंकीफ्लॉवरची तांबे सोसणारी झाडे वाढू लागली. सुमारे दीडशे वर्षे हा उत्क्रांतीसाठी फार थोडा काळ. या झाडांचा इतर ठिकाणच्या काही झाडांशी संकर केला की संतती रोपावस्थेतच मरते, असे मॅकनेअर आणि क्रिस्टी यांना १९८३ मध्ये आढळले. तांबे सोसण्याचे जनुकच संकराला मारत असावे, अशी शक्यता त्यांनी मांडली. ती आकर्षक होती, कारण तसे असते तर परिस्थितीशी जुळवून घेता घेता आपोआप जाती वेगळ्या होण्याचा तो थेट पुरावा ठरला असता. २०१३ मध्ये केविन राइट, जॉन विलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ही दोन वेगळी जनुके आहेत, परंतु गुणसूत्रावर एकमेकांना इतकी खेटून आहेत की नैसर्गिक निवडीने पहिले उचलले तेव्हा दुसरेही फुकट्या प्रवाशासारखे सोबत आले. मला हा निकाल पहिल्या कल्पनेपेक्षाही मोलाचा वाटतो. संकराचा मृत्यू कोणी ‘निवडला’ नव्हता. तो शेजारामुळे पसरला. हा उलगडा झाला तो खाणीच्या मातीत हा गुट्टाटस अजून वाढत होता आणि त्याचे हजारो संकर हरितगृहात वाढवता येत होते म्हणून.

स्नॅपड्रॅगन, पेटुनिया आणि कोलंबाइन यांवरही याच धाटणीचे उत्तम काम झाले आहे. त्याच्या तपशिलात इथे शिरत नाही.

राहिला प्रश्न कासचा. फुलांच्या देखणेपणावर किंवा दुर्मिळतेवर अशा संशोधनासाठी वनस्पतीची निवड होत नाही. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्यावर जनुकशास्त्र करू म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची पीएच.डी. संपेल, पण संकराची दुसरी पिढी फुललेली नसेल. कंदीलपुष्पांमध्ये परागणाची विलक्षण तऱ्हा आहे, पण ती कंदावर वाढणारी आणि अनेकदा विरळ असतात, त्यामुळे हजारो रोपांचा हिशेब जमणे कठीण. माझी पसंती तेरड्याला राहील. त्याच्या अनेक जाती एकाच पावसाळ्यात आयुष्य संपवतात, पश्चिम घाटात त्याच्या बऱ्याच प्रदेशनिष्ठ जाती आहेत, आणि फुलांचे रंग व मकरंदाच्या शेपट्या जातीगणिक वेगळ्या असतात. सुरुवात जीनोम वाचण्यापासून करू नये. आधी वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी, एकाच पठारावर शेजारी वाढणाऱ्या दोन जाती निवडाव्यात, कोणत्या फुलावर कोण येते याच्या दोन-तीन हंगामांच्या नोंदी कराव्यात आणि त्या दोघींचा हाताने केलेला संकर बी धरतो का ते पाहावे. संकर वांझ निघाला तर जोडी बदलावी लागेल.