बोल्ट तुटला, मग इझी-आउटही आतच तुटलं, आता?

प्रश्न : नमस्कार काका, जुन्या कारचा वॉटर पंप घरीच बदलायला घेतला. खालचा एक बोल्ट (८ एमएमचा) आधी जरा फिरला, मग एकदम मऊ लागायला लागला आणि टक्कन डोकं पान्यात आलं, बाकीचा तुकडा ब्लॉकमध्येच, तोंडापासून थोडा आत. मधोमध भोक पाडून इझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायची उलट्या आट्यांची निमुळती काडी) घातलं, पिळलं, तर तेही आत तुटलं. आता ड्रिल लावलं की बिट नुसता घसरतो नाहीतर जळून बोथट होतो. ब्लॉक बिडाचा आहे. सगळे म्हणतायत ब्लॉक गेला. खरंच गेला का?

उत्तर : ब्लॉक गेला नाहीये, पण आधी ते ड्रिल खाली ठेवा. इझी-आउट कडक केलेल्या स्टीलचं असतं, तुमचा साधा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) बिटही जवळपास तेवढाच कडक, मग तो त्याला कापणार कसा? घसरतो आणि जिकडे मऊ मिळेल तिकडे जातो, म्हणजे बाजूच्या बिडात. एकदा भोक तिरकं गेलं आणि एका बाजूचे आटे खाल्ले की काम दुप्पट होतं, आणि ब्लॉक खरा खराब होतो तो तेव्हा, बोल्ट तुटल्याने नाही.

मला त्या इझी-आउटचा रागच आहे, स्पष्ट सांगतो. विचार करा ना, अख्खा ८ एमएमचा बोल्ट जो जोर सहन न होऊन तुटला, त्याच्या पोटात ३-४ एमएमची काडी घालून तुम्ही तोच गंजलेला बोल्ट फिरवायला बघताय, शिवाय निमुळतं इझी-आउट पाचरीसारखं आत रुततं आणि बोल्टला आतून फुगवतं, म्हणजे आट्यांमध्ये तो अजूनच आवळला जातो. जास्त टाइट करताना तुटलेला, पण आटे मोकळे असलेला बोल्ट असेल तर इझी-आउट छान चालतं, गंजून धरलेल्या बोल्टला नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही.

आता काढायचं कसं. पहिलं, रेडिएटर आणि पुढचं जे काही अडतंय ते काढून समोर सरळ हात जाईल एवढी जागा करा, तिरकं उभं राहून केलेलं काम तिरकंच होतं. मग टॉर्च मारून बघा, इझी-आउटचं टोक दिसतंय का. ते कडक असतं म्हणूनच ठिसूळही असतं, बारीक पंच लावून छोट्या हातोडीने हलके हलके ठोके द्या, जोरात नाही, बऱ्याचदा त्याचे तुकडे पडतात नाहीतर ते उलटं सरकून सैल होतं, तुकडे चुंबकाने उचलायचे. गॉगल घातल्याशिवाय हे करू नका, तुकडा उडाला तर सरळ डोळ्यात जातो.

ठोक्यांनी नाही आलं तर वेल्डिंग, आणि माझं मत विचाराल तर हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. मिग वेल्डिंगवाला (यात वेल्डिंगची तार आपोआप पुढे येते) चांगला हाताचा शोधा. तुकडा आत असल्याने तो मधोमध थेंब थेंब भरत धातू वर आणेल, मग त्यावर वॉशर, वॉशरवर नट, आणि नटच्या भोकातून आत वेल्ड. बिडाच्या कडेला आर्क लागू द्यायचा नाही. आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरचा प्लग काढून ठेवा, अर्थची क्लॅम्प ब्लॉकलाच लावा, पेट्रोलचा पाइप कुठे आहे ते बघून घ्या. अजून एक, भोक ब्रेक क्लीनरने धुऊन लगेच वेल्ड करू नका, क्लोरीनवाला क्लीनर असेल तर आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे.

वेल्ड झाल्या झाल्या पाना लावायची घाई सगळ्यांना होते. थांबा. बोल्ट तापून फुगतो, बाजूचं बीड त्याला दाबून धरतं, आणि गार होताना तो आकसतो तेव्हा गंजाची पकड सुटते, हीच तर सगळी गंमत आहे. लाली जाऊ द्या, हात लावता येणार नाही पण धूरही निघत नाही असा झाला की थोडं पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) सोडा आणि पाना हलवा, तोही फक्त उलटा नाही, जरा घट्ट जरा सैल, जरा घट्ट जरा सैल. सुरुवातीला दगडासारखा वाटेल, मग बारीक कीर्र आवाज येईल, आट्यातून लालसर पावडर निघेल, तेव्हा समजा सुटला. नट तुटून आला तरी हरकत नाही, परत लावा, प्रत्येक तापण्या-गार होण्याने बोल्ट थोडा अजून सुटतच असतो.

वेल्डिंग जमणारं नसेल तर डाय ग्राइंडरला सॉलिड कार्बाइडचा बारीक बर (धातू खरवडणारं दातेरी टोक) लावून इझी-आउट खात खात जाता येतं, पण त्याला हात एकदम स्थिर लागतो, बर आडवा दाबला की तोही तुटतो आणि मग आत तिसरा पाहुणा. शेवटचा मार्ग ईडीएम, म्हणजे स्पार्कने धातू झिजवून काढतात, कितीही कडक असू दे, आट्यांना धक्का न लावता मधला भाग जातो. मशीन शॉपमध्ये होतं, पोर्टेबल मशीनही असतात, नसेल तर इंजिन उतरवावं लागेल.

बोल्ट निघाला की भोकात टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा, ८ बाय १.२५ (८ एमएमचा बोल्ट, दोन आट्यांत १.२५ एमएम अंतर) साठी साधारण ८.३ एमएमचं ड्रिल लागतं आणि त्याचा टॅप वेगळा असतो, साधा ८ चा चालत नाही. आणि बंद भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं ठेवून बोल्ट आवळू नका, पातळ पदार्थ दाबला जात नाही, बिडाला तडा जाऊ शकतो. भोक पाण्याच्या बाजूला उघडत असेल तर आट्यांना सीलंट लावा.

प्रश्न : तुरटीच्या पाण्यात स्टील विरघळतं असं ऐकलं, मग भोकात तुरटीचं पाणी भरून ठेवलं तर?

उत्तर : ऐकलंय ते खरं आहे, पण तुमच्या कामाचं नाही. अॅल्युमिनियमच्या पार्टमध्ये तुटलेला टॅप किंवा स्क्रू गरम तुरटीच्या पाण्यात हळूहळू गळून जातो आणि अॅल्युमिनियमला फारसं काही होत नाही, घड्याळवाले पितळेच्या पार्टमधला स्टीलचा स्क्रू काढायला हे पूर्वीपासून करतात. त्यासाठी पार्ट काढून अख्खा बुडवावा लागतो आणि वेळही भरपूर जातो. बीड म्हणजे लोखंडच की, बोल्टबरोबर ब्लॉकचे आटेही खाल्ले जातील.

प्रश्न : बाकीचे बोल्ट अजून काढायचेत, तेही तुटतील अशी भीती वाटतेय. काय करू?

उत्तर : आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून चालतं, फक्त ते पेट घेतं, आगीजवळ नको. काढायच्या आधी बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून दोन-चार सरळ ठोके द्या. आणि तुम्हीच लिहिलंय तसा बोल्ट फिरता फिरता मऊ लागला की तो सुटत नाहीये, पिळला जातोय, तिथेच थांबा, परत घट्ट बाजूला फिरवा, तेल, मग पुन्हा. पाना लांब पाइप घालून ओढायचा मोह टाळा, लांब पाइपात हाताला काहीच कळत नाही.