"दोन मार्कांनी गेलं" म्हणून चार वर्षं थांबलेला मुलगा

"मॅडम, अजून एक अटेम्प्ट देऊ की सोडून देऊ?" स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. कुणी थेट विचारतं. कुणी झोप लागत नाही म्हणून येतं आणि तिसऱ्या भेटीत गाडी इथवर येते. पालकांचाही प्रश्न तोच, फक्त सूर वेगळा: "अजून किती दिवस?" मी याला हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. का देत नाही, ते मागच्या वर्षीच्या एका मुलावरून सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि त्याला विचारूनच लिहिते आहे.

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, बी.एस्सी. ॲग्री. गाव सीना नदीच्या काठचं. पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहणारा. कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज मिळून महिन्याला दहा हजार घरून येत होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पूर आला, तेव्हा यांचं सोयाबीन तर गेलंच, वर वावराची माती खरवडून गेली. त्याच पुरामुळे एमपीएससीच्या राज्यसेवेची २८ सप्टेंबरची पूर्व परीक्षा ९ नोव्हेंबरवर ढकलली गेली. त्या मधल्या काळात वडील त्याला घेऊन आले. मुलगा घरी जायला तयार नव्हता, गेला तर परत येणार नाही अशी त्याला भीती होती. परीक्षा पुढे गेल्याचा मनातून आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाज वाटत होती. हे त्याने सांगितलं ते वडील बाहेर चहा प्यायला गेल्यावर.

वडील समोर होते तेव्हा तो एकच वाक्य बोलला होता. "पहिल्याच अटेम्प्टला दोन मार्कांनी गेलं, मॅडम."

हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की कान टवकारतात. तीस-चाळीस मार्कांनी गेलेला मुलगा वर्षभर रडतो आणि मार्गाला लागतो. दोन मार्कांनी गेलेला अडकतो. त्याला वाटतं, दार उघडंच होतं, आपलाच पाय अडखळला. घरचे, गावचे, मित्र सगळे तेच म्हणतात. मग पुढची सगळी वर्षं त्या दोन मार्कांच्या हिशेबात जातात.

मी त्याला पुढच्या भेटीला तिन्ही पूर्व परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकेच्या प्रती आणायला सांगितलं. या मुलांच्या फायली व्यवस्थित असतात, त्याचीही होती. प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीच्या खुणा होत्या: खात्रीच्या उत्तरापुढे टिक, तुक्क्यापुढे गोल. उत्तरतालिका आली की एकूण मार्क काढायचे आणि फाईल बंद करायची, एवढाच त्या कागदांचा उपयोग झाला होता. टिक आणि गोल वेगवेगळे मोजायचं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

आम्ही मोजले. पेपर एकमध्ये शंभर प्रश्न, दोनशे मार्क, चुकीच्या उत्तराला पाव वजा. शेवटच्या पेपरात त्याने ९६ प्रश्न सोडवले होते. ६६ ना टिक होती, त्यातले ५६ बरोबर. ३० गोल, त्यातले ८ बरोबर. म्हणजे टिकेचे १०७ आणि गोलांचे ५, एकूण ११२. डोळे मिटून गोल केले असते तरी साधारण एवढेच पडले असते. मग आधीची दोन वर्षं काढली. थोडा फरक सोडला तर तेच चित्र. तिन्ही वर्षांचे मार्क १०८ ते ११३ च्या मध्ये.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. त्याच्या डोक्यात चित्र वेगळं होतं: पहिल्या वर्षी दोनने हुकलो, दुसऱ्या वर्षी कटऑफ वर गेला, तिसऱ्या वर्षी आणखी वर गेला, नशीबच खराब. पण कटऑफ आपल्या हातात नसतो. जागा किती, पेपर कसा, किती जण आले, यावर तो ठरतो. आपल्या हातातला आकडा एकच, आपले मार्क, आणि तो तीन वर्षं हललाच नव्हता. का, तेही टिका कुठे होत्या त्यावरून दिसलं. इतिहास आणि राज्यघटना भरगच्च, अर्थशास्त्र आणि विज्ञान विरळ. "रिव्हिजन रिव्हिजन" म्हणून तो तीन वर्षं आवडीचीच पुस्तकं पुन्हा वाचत होता. अभ्यासिकेत बारा तास बसण्यात खोटं काही नव्हतं, पण त्या बारा तासांत नवीन फारसं काही जमा होत नव्हतं.

म्हणून "सोडू की देऊ" याच्या आधी मी हे मोजायला लावते. दोन-तीन प्रयत्नांत स्वतःचे मार्क चढत असतील तर थांबा म्हणणारी मी कोण? मार्क जागच्या जागी असतील तर अभ्यासाची पद्धत तीच ठेवून चौथा प्रयत्न देणं म्हणजे वर्ष विकत घेणं, आणि ते घरच्यांच्या पैशाने.

दुसरी गोष्ट वयाची. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेसाठी कमाल वय ३८, मागासवर्गीयांना ४३. ही सवलत मुलांच्या भल्यासाठी आहे, पण तिचा एक छुपा परिणाम मी रोज बघते. अठ्ठाविसाव्या वर्षी मुलगा म्हणतो, "अजून दहा वर्षं आहेत." दहा वर्षं राज्यसेवेची आहेत. बाकीची दारं त्याआधीच बंद होतात. पीएसआयला खुल्या प्रवर्गासाठी ३१. ॲग्रीच्या पदवीवर बँकेत कृषी अधिकारी व्हायचं तर आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षेची, मर्यादा ३०. हा मुलगा खुल्या प्रवर्गातला. मी त्याला एका कागदावर त्याला चालणाऱ्या सगळ्या परीक्षा आणि त्याचं वय कुठे संपतं ते लिहायला लावलं. बँकेच्या ओळीपुढे "दोन वर्षं" लिहिताना त्याचा हात थांबला. ती परीक्षा त्याने एकदाही दिली नव्हती.

गंमत बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं बसली होती तेव्हा हाही त्यात होता. एकाच दिवशी आयबीपीएसची परीक्षा येते म्हणून पूर्व पुढे ढकला आणि कृषी सेवेच्या २५८ जागा याच जाहिरातीत घ्या, या मागण्या होत्या. दोन्ही मान्य झाल्या. रात्रभर घोषणा देऊन घसा बसला, पण कृषीच्या मुख्य परीक्षेचा अभ्यासक्रम त्याने उघडला नाही. कारण? "डीसीच व्हायचंय." अभ्यासिकेतल्या टेबलावर 'भावी उपजिल्हाधिकारी' अशी चिठ्ठी होती. अशा चिठ्ठ्यांना माझी हरकत नाही, पण ती चिठ्ठी त्याला बाकी प्रत्येक पद कमीपणाचं वाटायला लावत होती. राज्यसेवेच्या निकालात दरवर्षी एसटीआय (राज्य कर निरीक्षक), नायब तहसीलदार, लिपिक म्हणून आधीच काम करणाऱ्यांची नावं असतात. ती यादी तो वाचायचा, फक्त नावापुढचं पद वाचायचा नाही.

२०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, हा आणखी एक हिशेब. नऊ पेपर, त्यात वैकल्पिक विषयाचे दोन. लेखी १७५० आणि मुलाखत २७५. आधीच्या पद्धतीत बहुतेक पेपर गोल काळे करण्याचे होते. ज्याने चार वर्षं चार पर्यायांतून एक निवडला, त्याला अडीचशे शब्दांचं उत्तर लिहायला वेगळी तयारी लागते. त्याने आजवर एकही उत्तर लिहून कुणाला तपासायला दिलेलं नव्हतं.

वडिलांशी मी वेगळी बोलले. ते म्हणाले, "ताई, पैशाचं नाय ओ. लोक इचारतात पोरगं काय करतंय, आन् मला सांगता येत नाय." मी त्यांना एवढंच म्हटलं की नोव्हेंबरची परीक्षा होईपर्यंत हा विषय घरात काढायचा नाही, आणि दिवाळीला त्याला घरी न्यायचं. तीन दिवाळ्या तो मेसमध्येच जेवला होता. अभ्यास बुडेल हे निमित्त होतं. खरं कारण, चुलत भावंडांनी नोकरीचं विचारलं तर काय सांगायचं.

मुलींच्या बाबतीत हे सगळं उलट्या टोकाने येतं, तेही इथेच सांगते. त्यांना ३८ ची मुदत नसतेच. मुदत घर ठरवतं, बहुधा दोन वर्षं, मग स्थळं बघणं सुरू. मार्क चढत असताना मुलीला परत नेलेलं मी पाहिलं आहे, आणि तिथे माझा बहुतेक वेळ मुलीपेक्षा वडिलांशी बोलण्यात जातो.

तर, हा मुलगा ९ नोव्हेंबरला बसला. त्याआधीचे आठवडे त्याने अर्थशास्त्र आणि विज्ञान यांनाच दिले. या वेळी टिका वाढल्या, गोल कमी झाले आणि त्याचे मार्क पहिल्यांदाच ११३ च्या वर गेले. यादीत मात्र नाव आलं नाही. तो दोन दिवस फोन बंद करून बसला, तिसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याकडे आला. मोजून आणली होती.

आता तो एका खत कंपनीत फिल्ड ऑफिसर आहे, गावापासून दोन तासांवर. पुण्याची कॉट सोडली. सकाळी दोन तास अभ्यास, रविवारी उत्तरलेखन. बँकेची जाहिरात आली की फॉर्म भरणार आहे आणि पूर्वही देणार आहे. किती वेळा, ते त्याने मार्कांवर सोडलं आहे. कधी कधी रात्री मेसेज येतो, "मॅडम, चूक तर केली नाही ना नोकरी धरून?" मी त्याला विचारते, या आठवड्यात किती उत्तरं लिहिलीस. कधी आकडा येतो, कधी येत नाही.

परवा वडिलांचा फोन होता. स्थळ आलंय, पोरीकडचे विचारतायत मुलगा काय करतो, काय सांगावं? मी म्हटलं, त्यालाच विचारा.

"इचारलं की. म्हनला, खत कंपनीत हाय म्हणून सांगा. एमपीएससीचं त्यांनी इचारलं तरच सांगा."