भिंतीवरची वेल शेजाऱ्याच्या झाडांवर चढली, तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मी एक घर विकत घेतले. शेजारच्या घराला लागून असलेल्या कुंपणभिंतीवर आधीच्या मालकाने लावलेली अँटिगोनॉनची वेल आहे, जिला पुष्कळ जण आइस्क्रीम क्रीपर म्हणतात. तिच्या गुलाबी फुलांवर दिवसभर मधमाश्या असतात आणि मला ती मनापासून आवडते. शेजाऱ्यांनी आता वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. वेल भिंत ओलांडून त्यांच्या झाडांवर पसरली, तिच्यामुळे त्यांची पन्हळ तुंबली आणि एक कलम मेले, असे त्यांचे म्हणणे आहे. 15 दिवसांत वेल मुळासकट काढून नुकसानभरपाई द्यावी, अन्यथा आम्ही आत येऊन तणनाशक मारू, असेही त्यांनी लिहिले आहे. वेल मी लावलेली नाही. ती ठेवण्याचा मला हक्क नाही का?

उत्तर : वेल ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे, परंतु तो आपल्या हद्दीपुरता आहे, आणि नोटीस हाती पडल्यानंतर "वेल मी लावलेली नाही" हा बचाव आपल्या फारसा उपयोगी पडणार नाही. न्यायालयासमोर प्रश्न वेल चांगली की वाईट असा येत नाही. तिचा त्रास होतो आहे हे कळल्यावर आपण काय केले, हे तेथे पाहिले जाते.

आधी बंदीविषयी. ही वेल मूळची मेक्सिकोतील असून जगाच्या अनेक भागांत ती आक्रमक वनस्पती मानली जाते. मात्र अभ्यासकांनी एखादी वनस्पती आक्रमक ठरवणे वेगळे आणि कायद्याने ती बाळगण्यास मनाई करणे वेगळे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 62-अ नुसार, वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका ठरणाऱ्या आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, त्या बाळगणे आणि त्यांचा प्रसार यांचे नियमन किंवा मनाई केंद्र सरकार करू शकते. पण त्यासाठी अधिसूचना काढावी लागते. तेव्हा नोटिशीत "बंदी असलेली वनस्पती" असे शब्द असतील, तर ती बंदी कोणत्या अधिसूचनेने आली हे उत्तरात अवश्य विचारावे. तशी अधिसूचना दाखवता आली नाही, तर हा वाद दोन शेजाऱ्यांमधील दिवाणी वाद उरतो, आणि खासगी उपद्रवाचे, म्हणजे शेजाऱ्याला त्याच्या जागेचा उपभोग घेताना होणाऱ्या त्रासाचे, नियम त्याला लागू होतात.

हे नियम आपल्याकडे संहितेत बांधलेले नाहीत. भारतीय न्यायालये अपकृत्यांच्या (ज्यांबद्दल दिवाणी भरपाई मागता येते अशा चुकांच्या) बाबतीत इंग्लंडमधील निवाड्यांचा आधार घेतात. ते बंधनकारक नसले तरी त्यांना वजन असते. 1890 च्या जाइल्स विरुद्ध वॉकर या निवाड्यात जमिनीवर आपोआप उगवलेल्या काटेरी तणाचे बी शेजाऱ्याच्या शेतात उडाले, तरी जमीनधारक जबाबदार नाही असे ठरले होते. आपला बचाव नेमका याच विचारावर उभा आहे आणि तो विचार आता मागे पडला आहे. सेडली-डेनफिल्ड विरुद्ध ओ'कॅलाहन (1940) या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने, असे धरले की, दुसऱ्याने निर्माण केलेला उपद्रव जमिनीच्या ताबेदाराला माहीत असेल आणि वाजवी मुदतीत तो थांबवण्याची वाजवी उपाययोजना त्याने केली नाही, तर तो उपद्रव त्याने चालू ठेवला असे मानले जाईल. पुढे लीकी विरुद्ध नॅशनल ट्रस्ट (1980) या निवाड्याने हेच तत्त्व निसर्गतः उद्भवलेल्या धोक्यालाही लावले आणि ताबेदाराची ऐपत व परिस्थिती पाहून त्याच्याकडून किती अपेक्षा करायची हे ठरवावे, असे सांगितले. आपली वेल तर कोणीतरी मुद्दाम लावलेली आहे. त्यामुळे निसर्गाकडे बोट दाखवण्याची सोयही येथे नाही. आधीच्या मालकाकडून भरपाई मागता येईल का, असे आपल्या मनात आले असेल. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे विक्रेत्याने उघड करायचा दोष हा सामान्य काळजी घेऊनही खरेदीदाराला न दिसणारा असावा लागतो, आणि भिंतभर फुललेली वेल त्यात बसत नाही.

आता शेजाऱ्यांच्या बाजूच्या मर्यादा. हद्द ओलांडून आलेल्या फांद्या शेजाऱ्याला स्वतःच्या जागेत उभे राहून, पूर्वसूचना न देताही, हद्दीपर्यंत छाटता येतात, हे लेमन विरुद्ध वेब (1895) पासून मान्य आहे आणि वेलीलाही हाच नियम लावला जाईल. तेव्हा त्यांनी त्यांच्या बाजूची वेल कापली, तर आपण तक्रार करू नये. परंतु त्यापुढे जाऊन आपल्या संमतीशिवाय आवारात शिरण्याचा आणि तणनाशक मारण्याचा अधिकार त्यांना कोणतीही नोटीस देऊ शकत नाही. तसे घडल्यास परिस्थितीनुसार भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 329 खालील फौजदारीपात्र अतिक्रमण आणि कलम 324 खालील आगळीक (दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान) या तरतुदी लागू होऊ शकतात. हे उत्तरात एका वाक्यात, धमकीचा सूर न लावता नोंदवावे. एवढ्यावरून आज पोलिसांकडे जाऊ नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचे आहे, त्यांच्याशी फौजदारी प्रकरण सुरू करणे सोपे असते आणि मिटवणे फार कठीण.

भरपाईची मागणी मात्र जशीच्या तशी मान्य करू नये. पन्हळ वेलीच्या पानाफुलांनीच तुंबली का आणि कलम वेलीने झाकले जाऊन मेले की अन्य कारणाने, हे सिद्ध करण्याचा भार शेजाऱ्यांवर आहे. शिवाय नुकसान केव्हा झाले याला महत्त्व आहे. डेव्हिस विरुद्ध ब्रिजेंड (2024) या खटल्यात जपानी नॉटवीड हे आक्रमक तण शेजारच्या जमिनीतून घुसले होते. पण ज्या मूल्यघटीची भरपाई मागितली होती ती प्रतिवादीच्या कर्तव्यभंगाच्या आधीच झालेली होती, म्हणून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्याच तर्काने, आपल्याला त्रासाची कल्पना येण्यापूर्वी झालेल्या नुकसानीची भरपाई आपण देणे लागत नाही, असे उत्तर आपल्याला देता येते. शेजाऱ्यांनी यापूर्वी तोंडी सांगितले होते का, हे येथे कळीचे ठरेल. सांगितले असेल तर ते नाकारू नका, कारण खोटा नकार पुढे साक्षीत टिकत नाही. जुनी गोष्ट म्हणून दावा मुदतबाह्य झाला, असेही समजू नका. उपद्रव चालू असेपर्यंत मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 22 प्रमाणे मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते.

मग वेल ठेवावी की काढावी? आपली तिच्यावरची माया मी समजू शकतो आणि मधमाश्यांचा मुद्दाही पोकळ नाही. तरीही सामाईक भिंतीवर ती ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या वेलीला जमिनीखाली कंद असतात. वरून कितीही छाटली तरी कंदांतून ती पुन्हा फुटते, आणि तिची बियाणे पाण्यावर तरंगत दूर जातात. त्यामुळे "छाटणी करत राहीन" हे आश्वासन आपण प्रामाणिकपणे दिले तरी एका पावसाळ्यात मोडेल, आणि लेखी आश्वासन मोडल्याचा पुरावा न्यायालयात आपल्याच विरुद्ध उभा राहील. भिंतीलगतचे कंद खणून काढावेत. शेजाऱ्यांच्या बाजूला ते गेले असतील तर तेथे खणण्यासाठी त्यांची लेखी संमती घ्यावी, आणि काढलेले कंद व शेंडे ओढ्यानाल्यात किंवा मोकळ्या जागेत टाकू नयेत. तणनाशक वापरायचेच झाले, तर ते लेबलवर सांगितलेल्या वापरापुरतेच आणि शेजाऱ्यांच्या झाडांपर्यंत न पोहोचेल असे वापरावे. झाडांवरची वेल सोडवताना झाडाच्या फांद्या तोडाव्या लागल्या, तर महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रात 1975 च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाखाली परवानगी लागते का, हे आधी वृक्ष प्राधिकरणाकडे विचारावे. वेल अगदी हवीच असेल, तर भिंतीपासून दूर, आपल्या आवारात मध्यभागी मांडव घालून आणि बी धरण्यापूर्वी छाटून ती ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाही.

नोटिशीचे उत्तर 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत, पोचपावती मिळेल अशा रीतीने पाठवावे. त्यात वेल भिंतीवरून काढण्याचे काम कोणत्या तारखेस सुरू होईल आणि किती दिवसांत संपेल हे लिहावे, नुकसानीचे दावे पुराव्याअभावी मान्य नाहीत असे नोंदवावे, आणि दोघांच्या उपस्थितीत जागेची पाहणी करून छायाचित्रे घेण्याचा प्रस्ताव द्यावा. काम सुरू होण्यापूर्वीची छायाचित्रे आपण स्वतःही घ्यावीत. एकदा वेल निघाली की भिंतीला आधी तडा होता की नव्हता, हे सांगणारे दुसरे काही उरणार नाही. इतके करूनही शेजारी दावा दाखल करतील, तर ते विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 38 व 39 खाली मनाई हुकूम मागतील आणि न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 प्रमाणे जागेच्या पाहणीसाठी कमिशनर नेमू शकेल. त्या वेळी भिंत मोकळी दिसली, तर हुकूम देण्यासारखे फारसे काही राहणार नाही.

दाव्यापर्यंत जाण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून हा वाद दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवता येतो. तेथे झालेल्या तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते, म्हणून मजकूर नीट वाचूनच सही करावी. वकिलाची फी ही अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्जही याच समितीकडे, शक्यतो याच आठवड्यात द्यावा.