‘एक लागर द्या’ म्हणजे काय द्या?

एका वाचकाचा प्रश्न आहे: “बोस्टनला लेकाकडे असताना क्राफ्ट लागर ही बिअर प्यायलो आणि आवडली. पुढे म्युनिकला उतरलो तेव्हा वाढणाऱ्या बाईंना म्हटलं, ‘एक लागर’. त्यांनी उलट विचारलं, ‘हेलेस की डुंकल?’ शब्द जर्मन, मग तो जर्मनांनाच कसा पुरत नाही? आणि याला मराठीत काय म्हणायचं?”

शब्द जर्मनच आहे. ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणं आणि ‘लागर’ म्हणजे साठवणीची जागा, कोठार. त्याच्याही मुळाशी आहे ‘लीगन’, म्हणजे पडून राहणं. जर्मनीत दुकानाच्या फळीवर एखादी वस्तू दिसली नाही, तर कामावरचा पोरगा ‘लागरमध्ये बघून येतो’ म्हणतो, म्हणजे मागच्या गोदामात. यंत्रातलं बेअरिंगही लागर आणि छावणीही लागर. (छळछावण्यांच्या नावातही हाच शब्द होता.) त्यामुळे नुसतं ‘एक लागर’ त्या कानांना काहीसं ‘एक गोदाम द्या’ असं लागत असणार. अर्थात बाईंना कळलं होतंच, त्यांना फक्त पुढचं विचारायचं होतं.

छावणीवरून आठवलं. आपल्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई इतके कंटाळायचे, की डोकं फिरण्याला इंग्रजीत ‘डुलाली टॅप’ हे नाव पडलं. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. 2009 साली पुण्यात सुरू झालेल्या एका मायक्रोब्रुअरीनं, म्हणजे छोट्या बिअरभट्टीनं, ‘डुलाली’ हेच नाव घेतलं आणि तिथला ब्रूमास्टर, म्हणजे बिअर करणारा मुख्य कारागीर, होता जर्मन!

तर, साठवण का? बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या प्रांतात, 1553 च्या फर्मानानं बिअर गाळायला 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढीच मुभा ठेवली, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग उन्हाळ्याची बेगमी मार्चपर्यंत करून पिंपं थंड तळघरांत ठेवायची. ‘मेर्त्सन’ हे बिअरचं नाव याच मार्चवरून आलं. त्या गारठ्यातही काम करणारं यीस्ट टिकलं आणि तळाशी बसू लागलं. पुढे बव्हेरियातली बहुतेक बिअर अशीच होऊ लागली, तेव्हा वेगळं सांगण्यासारखं ‘लागर’ या शब्दात काही राहिलं नाही. कोल्हापुरात कोणी ‘कोल्हापुरी रस्सा वाढा’ म्हणतं का? तांबडा की पांढरा, एवढंच विचारतात. हेलेस म्हणजे उजळ आणि डुंकल म्हणजे गडद, हा तोच हिशोब. लेबलावर मात्र जुना शब्द भेटतो: म्युनिकच्या ऑगस्टिनरच्या बाटलीवर ‘लागरबिअर हेल’ असं आजही छापलेलं असतं.

अमेरिकेत लागर हा शब्द 1840 च्या सुमारास जर्मन स्थलांतरितांबरोबर गेला. तिथल्या जवात प्रथिनं जास्त, म्हणून ती कमी करायला मका आणि तांदूळ मिसळायची रीत पडली. मग 1920 ते 1933 दारूबंदी आली. तिच्यातून तगलेल्या मोठ्या कारखान्यांनी लागर म्हणजे डब्यातली फिकट, गार बिअर असं समीकरण करून टाकलं. म्हणून 1980 नंतर छोट्या ब्रुअरींना ‘आमची तसली नव्हे’ हे सांगायला ‘क्राफ्ट’ हे विशेषण लावावं लागलं. मका-तांदूळ न घालता फक्त जवाच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) बिअर, हीच तेव्हा मिरवायची गोष्ट होती.

चवीत खरा फरक हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा. बव्हेरियातल्या हालरटाऊकडच्या जर्मन हॉप्सना गवताचा, फुलांचा, किंचित मिरीचा वास. कॅस्केड जातीचं अमेरिकन हॉप घातलं की ग्लास तोंडाशी नेतानाच पपनसाची साल नखानं सोलल्यासारखं वाटतं. मला ते दुसऱ्या ग्लासाला जड होतं. हेलेसचं तसं होत नाही. पण अमेरिकनांना एका बाबतीत मानलं पाहिजे. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरजत्रेच्या तंबूत आता सोनेरी बिअर मिळते. पूर्वीची तांबूस मेर्त्सन ‘ऑक्टोबरफेस्ट’ या नावानं अमेरिकन ब्रुअरींनीच जास्त जपली. तंजावरच्या मराठीत जुनी रूपं सापडावीत, तसं.

आता मराठी शब्द. ‘मुरवलेली’ चटकन सुचतो, पण मला तो पटत नाही. लोणचं मुरतं तेव्हा फोडीत मीठमसाला शिरतो, म्हणजे काहीतरी वाढतं. लागरचं उलट असतं. शून्य अंशाच्या आसपास काही आठवडे ठेवली की गंधकाचा वास जातो, लोण्यासारखा लागणारा नको तो स्वाद जातो, यीस्ट खाली बसतं. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून टाकल्यावर होतं ते हे. म्हणून क्रियेला ‘निवळवणं’ म्हणावं आणि बिअरला लागरच राहू द्यावं, स्त्रीलिंगी. बिअर स्त्रीलिंगी झालीच आहे, जर्मनमध्ये ती नपुंसक असली तरी.

आणि पुढच्या खेपेला बांबेर्गकडे गेलात, तर ‘एक लागर’ बिनधास्त मागा. फ्रँकोनियातल्या, म्हणजे बव्हेरियाच्या त्या उत्तर भागातल्या, गुत्त्यांत हा शब्द अजून चालतो.