बेळगावच्या वडगावात घरापुढच्या काळ्या मातीत बाग करायची आहे. कोणती झाडं एकत्र लावू?

तुम्ही लिहिलंय की दारापुढं 20 बाय 15 फूट जागा आहे, तोंड पश्चिमेला आहे आणि बाराही महिने फुलं हवीत. नर्सरीत जाण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या. जुलैत पाणी कुठं तुंबतं ते बघून तिथं खुंटी मारून ठेवा. आपल्याकडं वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात भात पिकतो तो माती पाणी धरून ठेवते म्हणून. तुमची बागही त्याच मातीत होणार आहे.

खुंटीपाशी सोनटक्का आणि कर्दळ लावा, दोघांनाही ओल मानवते. बोगनवेल मात्र कुंपणाच्या उंच, कोरड्या टोकाला हवी. सोनटक्क्याशेजारी लावली तर त्याच्या पाण्यावर ती नुसती पानं काढत राहील.

अनंत मी स्वतः काळ्या मातीत लावला होता. वर्षभरात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत चुना जास्त असला की झाडाला लोह मिळत नाही. शेवटी खानापूरकडची तांबडी माती आणून शेणखत मिसळलं आणि तो अर्ध्या पिंपात हलवला. नवी पालवी हिरवीगार आली, तिसऱ्या उन्हाळ्यात फुललाही.

आता मला सर्वांत आवडणारी जोडी सांगतो. पारिजातक पावसाळा सरता सरता फुलतो आणि उन्हाळ्यात बराचसा उघडा पडतो. नेमका तेव्हा मोगरा भरात असतो. म्हणून पारिजातकाच्या दक्षिणेला, उन्हात, मोगऱ्याची तीन रोपं लावा. जानेवारीत त्यांची छाटणी करा. मागं तगर असू द्या, ती वर्षभर हिरवी राहते, त्यामुळं कोपरा कधी ओका दिसत नाही. पारिजातकाखाली फरशी घालू नका, दूर्वा वाढू द्या. पहाटे पडलेल्या फुलांचे केशरी देठ हिरव्यावर उठून दिसतात, आणि पूजेला वेचलेल्या फुलांना माती लागत नाही.

एकेक नग गोळा करण्यापेक्षा एकाच जातीची तीन-पाच रोपं एकत्र लावलेली डोळ्याला बरी वाटतात. अबोली तर पाचाखाली लावूच नका.

सोनचाफ्याचा मोह आवरा. तो पुढं घराच्या वर जातो, 15 फुटांत मावणार नाही. मागं परड्यात जागा असेल तर कलमी रोप घ्या, वळवाचे दोन पाऊस झाले की खड्डा भरून ठेवा आणि जूनमध्ये लावा.