डिजिटल मॉडेलर घेतल्यावर ट्यूब ॲम्प विकून टाकावा का?

तुमच्याजवळ गिटारचा १५ वॅटचा ट्यूब ॲम्प (निर्वात नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक) आहे, घरात तो मोकळेपणाने वाजवता येत नाही, अधूनमधून कार्यक्रम असतात आणि म्हणून पायाशी ठेवायचा डिजिटल मॉडेलर (अशा ॲम्पच्या आवाजाची गणिताने नक्कल करणारे यंत्र) घेण्याचा तुमचा विचार आहे; पण सोबतचे वादक म्हणतात की डिजिटल आवाजाला जीव नसतो. हे कितपत खरे आहे आणि जुना ॲम्प विकावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे दोन्ही प्रकारची यंत्रे वापरत आलो आहे. तुमच्या सोबत्यांना जाणवणारा फरक काल्पनिक नाही, परंतु ते सांगतात ते त्याचे कारण क्वचितच असते. ट्यूबच्या जागी प्रोसेसर आला म्हणून जे हरवते ते आज फार थोडे आहे. गिटारच्या स्पीकरच्या जागी दुसराच स्पीकर आला आणि आवाजाची पातळी खाली उतरली म्हणून जे हरवते ते पुष्कळ आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय कोणतीही तुलना फसवी ठरते.

प्रथम ट्यूब ॲम्प काय करतो ते पाहू, कारण ‘ट्यूबचा उबदारपणा’ या दोन शब्दांत अनेक निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. गिटारच्या पिकअपकडून (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाकडून) आलेला क्षीण सिग्नल आधी १२एएक्स७सारख्या छोट्या ट्यूबांतून आणि बास, मिडल, ट्रेबलच्या सर्किटमधून जातो, आणि शेवटी ६एल६, ईएल३४ किंवा ईएल८४ अशा मोठ्या ट्यूबांतून (या शेवटच्या टप्प्याला पॉवर ॲम्प म्हणतात) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्गे स्पीकरला मिळतो. यातला कोणताही टप्पा एकटा वागत नाही. ट्रेबलचा नॉब फिरवला की मिडलचा परिणामही बदलतो. तार जोरात छेडली की दोन टप्प्यांमधला कपॅसिटर क्षणभर चार्ज होतो, पुढच्या ट्यूबचा बायस (कामाचा स्थिर बिंदू) सरकतो आणि तो जागेवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या काळात स्वराचा पोत बदलत राहतो. वादक ज्याला ‘फील’ म्हणतात, त्यातला मोठा भाग अशा काळानुसार बदलणाऱ्या वर्तनाचा असतो, नुसत्या डिस्टॉर्शनचा (आवाज फाटण्याचा) नव्हे.

त्यातच ‘सॅग’ येतो. फेंडरच्या २२ वॅटच्या डिलक्स रिव्हर्बमध्ये रेक्टिफायरदेखील (एसी वीज डीसी करणारा भाग) ट्यूबचाच आहे. मोठा कॉर्ड वाजवला की वीजपुरवठ्याचा व्होल्टेज खाली बसतो, आवाज किंचित दबतो आणि मग पुन्हा फुलतो. मात्र हा सर्व ट्यूब ॲम्पचा गुण आहे असे समजू नका. त्याच कंपनीच्या ट्विन रिव्हर्बमध्ये साठच्या दशकापासून सिलिकॉनचे डायोड रेक्टिफायर म्हणून आहेत आणि त्याचा प्रतिसाद बराच ताठ असतो. मार्शलच्या १९८७ सालच्या ‘सिल्व्हर ज्युबिली’ ॲम्पमध्ये तर डिस्टॉर्शनच्या टप्प्यातच डायोड वापरलेले आहेत, आणि तरीही ट्यूबचे कट्टर भक्त तो शोधत असतात. (आणि ज्या ‘ट्यूब स्क्रीमर’ पेडलने ट्यूब ॲम्पला ढकलण्याची प्रथा रूढ केली, त्या पेडलमध्ये एकही ट्यूब नाही.) सारांश, शुद्ध ट्यूबचा म्हणून जो आवाज आपण मनात धरून बसतो, तो बहुतेकदा संपूर्ण सर्किटचा आवाज असतो.

यातला सर्वात दुर्लक्षित दुवा म्हणजे पॉवर ॲम्प आणि स्पीकर यांचे नाते. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी त्याचा इम्पिडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) सर्व वारंवारितांना सारखा नसतो. शंभर हर्ट्झच्या आसपास, जिथे शंकूचा स्वतःचा अनुनाद असतो, तिथे तो कित्येक पटींनी वाढतो आणि वरच्या पट्टीतही चढत जातो. ट्रान्झिस्टरचा साधा पॉवर ॲम्प या चढउताराची फारशी दखल घेत नाही. ट्यूबचा पॉवर ॲम्प घेतो, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स तुलनेने जास्त असतो. परिणामी जिथे स्पीकरचा इम्पिडन्स जास्त, तिथे आवाजही थोडा जास्त मिळतो. खालचा भरीव धक्का आणि वरची धार, दोन्ही अंशतः इथून येतात. व्हॉक्सच्या एसी३०मध्ये पॉवर ॲम्पभोवती निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून परत आत देण्याची व्यवस्था) नसल्यामुळे हा परिणाम विशेष ठळक जाणवतो. ज्यांनी मॉडेलर साध्या पॉवर ॲम्पमधून गिटारच्या कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीला) जोडला आणि ‘सपाट वाटतो’ म्हणून नाक मुरडले, त्यांच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते. चांगल्या मॉडेलरमध्ये आता स्पीकरच्या इम्पिडन्सचा हा वक्रही निवडता येतो.

आता डिजिटल बाजू. रोलँड कंपनीचा व्हीजी-८ हा मॉडेलर १९९५ साली आला आणि लाइन ६ चा लाल रंगाचा ‘पॉड’ १९९८ साली. घराघरांत मॉडेलिंग पोहोचवले ते पॉडने. त्या पिढीबद्दल लोकांचे जे मत झाले ते अन्यायाचे नव्हते. डिस्टॉर्शनमध्ये मूळ स्वराच्या कितीतरी पट उंच हार्मोनिक्स निर्माण होतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या यंत्रात २४,००० हर्ट्झच्या वरचे काही मावत नाही, आणि तिथे निर्माण झालेले हार्मोनिक्स नाहीसे न होता खाली, ऐकू येणाऱ्या पट्टीत घडी पडून परततात. मात्र मूळ स्वराशी त्यांचे सुरेल नाते उरत नाही. उंच तार ताणून वाजवताना मागे ऐकू येणारी ती बेसूर किरकिर याच घडी पडण्याची, म्हणजे ॲलिएसिंगची. उपाय माहीत होता, आतल्या आत कितीतरी पट अधिक नमुने घेऊन गणित करायचे आणि मग ते कमी करायचे, पण त्यासाठी लागणारी प्रोसेसरची ताकद त्या काळी परवडणाऱ्या यंत्रात नव्हती. २००६ सालच्या फ्रॅक्टल कंपनीच्या ॲक्स-एफएक्स या मॉडेलरपासून चित्र पालटू लागले आणि आज मध्यम दर्जाच्या यंत्रातही हा दोष शोधूनच काढावा लागतो.

मॉडेलिंगच्या दोन पद्धती आहेत आणि खरेदी करताना त्यांतला भेद कामाला येतो. पहिल्या पद्धतीत मूळ सर्किटमधल्या रेझिस्टर, कपॅसिटर, ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर यांची समीकरणे मांडून ती क्षणोक्षणी सोडवली जातात. त्यामुळे नॉब फिरवला की प्रतिकृतीही बऱ्याच अंशी मूळ ॲम्पसारखीच वागते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्यक्ष ॲम्पमधून चाचणीचे सिग्नल सोडून त्याच्या वर्तनाचा ठसा घेतला जातो. केम्पर कंपनीने २०११ साली ही कल्पना बाजारात आणली आणि पुढे न्यूरल डीएसपी कंपनीच्या क्वाड कॉर्टेक्स या मॉडेलरने व ‘न्यूरल अँप मॉडेलर’ या मुक्त सॉफ्टवेअरने त्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरले. असा ठसा त्या एका सेटिंगपुरता आश्चर्यकारक अचूक असतो, परंतु साधारणपणे तो त्या सेटिंगचाच असतो. नंतर तुम्ही गेन (सिग्नल आत किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) वाढवलात तर मूळ ॲम्प काय करील हे त्या ठशाला ठाऊक नसते, यंत्र ते अंदाजाने करते. वाजवता वाजवता ॲम्पच्या नॉबशी खेळण्याची तुम्हाला सवय असेल, तर माझा कल पहिल्या पद्धतीकडे राहील. दोन-तीन आवाज पक्के ठरलेले असतील, तर दुसरी उत्तम.

विलंबाची भीतीही बरीच दाखवली जाते. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. यंत्राने सिग्नल आत घेऊन बाहेर देण्यात ३ मिलिसेकंद घालवले, तर ते तुम्ही ॲम्पपासून एक मीटर मागे सरकल्यासारखेच झाले. मंचावर याहून दूर उभे राहून आपण नेहमी वाजवतो. मात्र वायरलेस, डिजिटल मिक्सर आणि वायरलेस इन-इअर (कानातले मॉनिटर) यांची साखळी लावली की हे छोटे विलंब एकत्र होतात आणि तेव्हा ते बोटांना जाणवू शकतात.

एवढे झाल्यावर खऱ्या मुद्द्याकडे येतो. तुम्ही खोलीत ट्यूब ॲम्प ऐकता तेव्हा बारा इंची स्पीकरचा आवाज भिंतींवरून, जमिनीवरून परतून येत असतो आणि ॲम्प जमिनीवर असल्याने त्याची तिखट बाजू तुमच्या कानाऐवजी गुडघ्याकडे रोखलेली असते. मॉडेलर हेडफोनमधून किंवा सपाट प्रतिसादाच्या स्पीकरमधून ऐकता तेव्हा तुम्ही ऐकत असता तो मायक्रोफोनमधून पकडलेल्या कॅबिनेटचा आवाज. इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे हेच: एक विशिष्ट कॅबिनेट, त्यापुढे ठराविक जागी ठेवलेला, बहुधा शुअर एसएम५७सारखा एखादा माइक, आणि त्या जोडीचा नोंदवून ठेवलेला प्रतिसाद. ध्वनिमुद्रणात आपण आयुष्यभर असाच आवाज ऐकत आलो आहोत, पण स्वतःच्या खोलीत तो आवाज ऐकण्याची सवय वादकाला नसते. माइक शंकूच्या मध्याकडून कडेकडे काही सेंटीमीटर सरकवला तरी आवाजाचे रूप पालटते, आणि हा फरक दोन वेगळ्या ॲम्पमधील फरकापेक्षाही मोठा असू शकतो. म्हणून यंत्रातली ॲम्पची यादी चाळत बसण्याआधी इम्पल्स रिस्पॉन्स बदलून पाहावा. बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

योग्य तुलना करायची असेल तर दोनच मार्ग आहेत. दोन्ही यंत्रे एकाच गिटार कॅबिनेटमधून ऐका, किंवा ट्यूब ॲम्पला माइक लावून तो आणि मॉडेलर एकाच मॉनिटरमधून ऐका. आवाजाची पातळी मात्र दोन्ही वेळा काटेकोर सारखी हवी, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. अशा तुलनेत, कोणते यंत्र वाजते आहे हे सांगितले नाही, तर माझा स्वतःचा कान बहुतेक वेळा ठामपणे निवाडा करू शकत नाही. गिटारचा व्हॉल्यूम खाली आणून आवाज निवळतो तो टप्पा अजून कधीकधी मला ओळखू येतो, तोही नेहमी नाही.

पातळीचा विषय तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात, म्हणजे तुमच्या १५ वॅटच्या ॲम्पऐवजी दीड वॅटचा आणला तरी आवाज फक्त निम्म्यावर आल्यासारखा वाटेल. ‘कमी वॅटचा ट्यूब ॲम्प घरात चालतो’ हा सल्ला त्यामुळे फारसा उपयोगी पडत नाही. दुसरे असे की हळू आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ साली याचे वक्र मांडले. घरी हळू आवाजात जुळवलेला प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) कार्यक्रमात घुमतो आणि कानाला टोचतो, त्याचे हे कारण. वादक घरी बास आणि ट्रेबल वाढवून ठेवतो आणि दोष यंत्राला देतो. कार्यक्रमासाठीचे प्रीसेट कार्यक्रमाच्याच पातळीवर, शक्यतो बाकीच्या वाद्यांसोबत जुळवावेत. तिथे मिडल वाढवावा लागेल आणि गेन तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी पुरेल. लांबलेल्या स्वराचे फीडबॅकमध्ये रूपांतर होणे हेही स्पीकरची हवा तारेला हलवते म्हणून घडते. मोठ्या आवाजातल्या मॉडेलरसमोर उभे राहिलात तर तेही घडते, हेडफोनमध्ये घडत नाही.

देखभालीबद्दल थोडक्यात. ट्यूब झिजतात, पण बदलता येतात, आणि जुन्या पद्धतीने बांधलेला ॲम्प जाणकार कारागीर अनेक दशकांनंतरही दुरुस्त करू शकतो. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला तर बहुधा कंपनीवरच अवलंबून राहावे लागते, आणि पुढची पिढी आली की त्याची किंमत झपाट्याने उतरते. उलट वजन, सुटसुटीतपणा आणि प्रत्येक कार्यक्रमात तोच आवाज मिळणे यांत ट्यूब ॲम्प मागे पडतो. फेंडरने २०१९ साली काढलेला डिजिटल टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब दिसायला मूळ ॲम्पसारखाच आहे आणि वजनाने जवळजवळ निम्मा.

तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी मॉडेलर घेईन आणि ॲम्प निदान काही महिने विकणार नाही. घरी हेडफोन, कार्यक्रमात इम्पल्स रिस्पॉन्स लावून थेट मिक्सरला एक तार, आणि मंचावर पाठीमागून ॲम्पचा जोर हवासा वाटला तर दुसरी तार तुमच्याच ॲम्पच्या इफेक्ट्स लूपच्या रिटर्नमध्ये (थेट पॉवर ॲम्पकडे नेणाऱ्या जोडणीत). या दुसऱ्या मार्गावर कॅबिनेटचे आणि पॉवर ॲम्पचे मॉडेलिंग बंद ठेवा, कारण ती दोन्ही कामे तिथे खरीखुरी यंत्रे करीत असतात. त्यासाठी दोन स्वतंत्र आउटपुटवर वेगवेगळी प्रक्रिया देता येईल असाच मॉडेलर निवडा. स्वस्त यंत्रांत ही सोय अनेकदा नसते. तुमच्या ॲम्पला इफेक्ट्स लूप नसेल, तर त्याच्या स्पीकरची तार काढून ती मॉडेलरसाठीच्या वेगळ्या पॉवर ॲम्पला जोडता येते, मात्र अशा वेळी ट्यूब ॲम्प बंदच असला पाहिजे. स्पीकरचा लोड नसताना तो चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आतली दुरुस्ती स्वतः करू नका, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत ४०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहिलेली असू शकते.