हॉट रॉडसाठी ४०१के मोडावं का?

प्रश्न: मी मिशिगनमध्ये वाहन उद्योगात इंजिनिअर आहे, वय ४६. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे धूळ खात पडली आहे. ती घेऊन, फोर्डचं जुनं फ्लॅटहेड व्ही८ इंजिन बसवून, घरच्या गॅरेजमध्ये स्वतः वेल्डिंग करून जुन्या धाटणीची हॉट रॉड (जुन्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन घालून बनवलेली गाडी) बांधायची आहे. अंदाजे खर्च ३२,००० डॉलर, यादी सोबत जोडली आहे. ४०१के वर, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यावर, कर्ज काढू का? मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल.

उत्तर: गाडी जरूर बांधा, पण ४०१के ला हात लावू नका.

व्याज आपल्याच खात्यात परत येतं, म्हणून हे कर्ज फुकटचं वाटतं. पण तेवढी रक्कम फेड होईपर्यंत गुंतवणुकीबाहेर राहते. खरी भीती नोकरीची आहे. नोकरी सुटली आणि त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत बाकी चुकवली नाही, तर ती रक्कम तुम्ही काढून घेतली असं धरतात. मग तिच्यावर आयकर, आणि तुमच्या वयात वर १० टक्के दंड. तुमच्या उद्योगातली नोकरकपात तुम्ही जवळून पाहिली असेल. त्यात मुलीची फी तोंडावर. घर तारण ठेवून पैसा उचलणंही नको; गाडीसाठी काढलेल्या अशा कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत नाही.

आता तुमच्या खर्चाच्या यादीकडे येतो. इंजिनासमोर एकच आकडा आहे, तो मला पटत नाही. फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागातूनच जाते, त्यामुळे ब्लॉक फार तापतो आणि व्हॉल्व्ह सीटजवळ तडे जातात. ब्लॉक धुऊन, मशीन शॉपमध्ये मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधणारी) तपासणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. तडा निघाला तर पुढचं सगळं गणित कोलमडतं.

ब्रेक तर यादीत नाहीतच! मॉडेल ए चं मूळ इंजिन ४० अश्वशक्तीचं, ब्रेक दांड्यांवर चालणारे. १९४९ चा फ्लॅटहेड १०० अश्वशक्तीचा. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले. त्या काळातले हौशी लोकही नंतरच्या फोर्डचे ब्रेक काढून बसवत. इथे काटकसर नको. वायरिंग, क्रोम, काचा, रंग हेही धरा. माझ्या हिशेबाने ४२,००० मनात ठेवा.

ही गुंतवणूक नाही, हे पत्नीशीही स्पष्ट बोला. घरी बांधलेली गाडी विकताना बिलांएवढे पैसे सहसा सुटत नाहीत, आणि स्वतःच्या वापरातल्या गाडीवरचा तोटा करात वजा होत नाही. नुसती चालवायची हौस असेल तर कुणीतरी बांधून ठेवलेली घ्या, स्वस्त पडेल. पण तुमच्या पत्रात वेल्डिंगबद्दलच जास्त लिहिलंय, म्हणून बांधा म्हणतो.

वेगळं बचत खातं उघडून दरमहा ७०० डॉलर टाका आणि खात्यात असेल तेवढंच काम काढा. पाच वर्षं लागली तर लागू द्या. फीच्या वर्षांत हप्ता थांबवता येईल. कर्जाचा थांबवता येत नाही. शेतकऱ्याला पैसे देण्याआधी टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) त्याच्याच नावावर आहे ना, आणि त्यावरचा नंबर चासीवर ठोकलेल्या नंबराशी जुळतो ना, ते बघा. मॉडेल ए मध्ये तो बॉडीखाली झाकलेला असतो, म्हणून बॉडी सैल करायची परवानगी आधीच मागून ठेवा.